पुष्कर : दोन टेकड्यांचं गाव

“कार्तिकस्नान एकदा तरी पुष्करला व्हावं,” असं सासूबाई कित्येक वर्षं म्हणत होत्या. दर वेळी काही ना काही आडवं यायचं. कधी मामंजींचं आजारपण, कधी नणंदेचं बाळंतपण, मग घराचं बांधकाम. मामंजी गेल्यावर तर त्यांनी तो विषयच सोडला. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मात्र ह्यांनीच दोन तिकिटं आणून हातावर ठेवली. म्हणाले, “मला काही सुटी मिळत नाही. मी आणि चिरंजीव घर सांभाळतो. तुम्ही दोघी जाऊन या.”

दोघी! खरं सांगते मैत्रिणींनो, माझ्या पोटात गोळाच आला. प्रवासाची भीती नव्हती. पण आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाल्यापासून, म्हणजे दीड वर्षापासून, सासूबाई आणि मी कामापुरतंच बोलत होतो. भांडण नव्हतं. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं.

झालं होतं असं. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. वास्तुशांतीच्या दिवशी शाळेत चाचणी परीक्षा होती. रजा मागितली तर पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही ही धास्ती, म्हणून दहाला सुटते असं सांगून मी सकाळी गेले. माझ्या जागी ज्या बाई यायच्या होत्या त्या आल्याच नाहीत. मुलं टाकून निघता येईना. धावतपळत रिक्षानं घरी पोचले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. दारात चपलांचा ढीग, घर पाहुण्यांनी भरलेलं आणि हे पाटावर एकटे बसलेले. कमरेला सुपारी लावून! बायको हजर नसली की तिच्या जागी सुपारी लावून पूजा करतात, हे मलाही ठाऊक होतं. पण आपण जिवंत, धडधाकट, रिक्षातून उतरतो आहोत आणि आपल्या जागी सुपारी आहे, हे बघताना काय वाटतं ते कसं सांगू? मी मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेले आणि वरणाला फोडणी दिली. त्यानंतर तो विषय कुणीच काढला नाही.

असो. भाऊबीज झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मिरजेला गाडी धरली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि फराळाचा डबा बरोबर होता, त्यामुळे वाटेत बाहेरचं काही घ्यावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अजमेरला उतरलो. पुष्करलाही २०१२ सालापासून रेल्वे झाली आहे, पण गाड्या थोड्या. अजमेरहून बस किंवा रिक्षा सोयीची. रस्ता पंधराएक किलोमीटरचाच, पण सुंदर. आधी आनासागर तलाव लागतो. बाराव्या शतकात अर्णोराज चौहान राजानं तो बांधला. मग नागपहाडाचा वळणावळणाचा घाट. घाट उतरला की एकदम वाळू दिसायला लागते आणि त्या वाळूच्या कुशीत हे तळ्याकाठचं गाव.

धर्मशाळेत खोली मिळाली. खोली साधी, पण स्वच्छ होती आणि गच्चीवरून तळं दिसत होतं. सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि तिथूनच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्नानाला गेलो. तळ्याभोवती बावन्न घाट आहेत. पांढऱ्या पायऱ्या, कमानी, छत्र्या आणि मधे हिरवट पाणी. चपला घाटापासून बऱ्याच लांब काढाव्या लागतात आणि स्नान करणाऱ्यांचे फोटो काढायला मनाई आहे, हे मला फार आवडलं. बायकांना कपडे बदलायला काही घाटांवर आडोसा आहे. थंडी मात्र चांगलीच होती. सासूबाईंनी नाक धरून तीन बुड्या मारल्या, चौथी मामंजींच्या नावानं मारली आणि कुडकुडत वर आल्या. मी त्यांच्या अंगावर शाल घातली. तेवढ्यानंसुद्धा दोघींना अवघडल्यासारखं झालं.

‘पुष्कर’ म्हणजे कमळ. ब्रह्मदेवाच्या हातातलं कमळ पृथ्वीवर पडलं, ते टेकलं तिथे पाणी उसळलं आणि हे सरोवर झालं, अशी पद्मपुराणातली कथा आहे. ज्येष्ठ, मध्यम आणि कनिष्ठ अशी तीन पुष्करं मानतात. आपण जातो ते ज्येष्ठ पुष्कर. चारधाम करून आलं तरी पुष्करच्या स्नानाशिवाय यात्रा पुरी होत नाही असं तिकडचे लोक मानतात. इथल्या गऊ घाटावर गांधीजींच्या अस्थींचा काही भाग विसर्जित केला होता, म्हणून त्याला गांधी घाटही म्हणतात.

पण देवाचं तळं झालं तरी त्याला गाळ साचायचा चुकत नाही. २००९ साली गाळ उपसायचं काम चाललं होतं आणि त्याच वर्षी पावसानं दगा दिला. तळं कोरडं पडलं. त्या कार्तिकी पौर्णिमेला यात्रेकरूंनी कूपनलिकेच्या पाण्यानं भरलेल्या लहान कुंडांत स्नान केलं. पुढच्या पावसाळ्यांनी तळं पुन्हा भरलं. आजूबाजूचे डोंगर उघडे झाले की माती वाहून येते आणि तळं उथळ होतं. आपल्या गावच्या तलावांची गोष्ट तरी कुठे वेगळी आहे?

आता एक सावधगिरीची सूचना. घाटाकडे जाताना कुणीतरी हातात फूल कोंबतं आणि “माताजी, पुष्करराजला अर्पण करा” म्हणतं. फूल घेतलं की पूजेला बसवतात, घरातल्या एकेकाचं नाव विचारतात आणि मग प्रत्येकाच्या कल्याणासाठी किती हजार देणार असं विचारतात. माणसांची नावं घेतल्यावर ‘नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही. मी तर पाकीट उघडलंच होतं. पण सासूबाईंनी माझा हात धरला आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, “महाराज, घर में कितने आदमी वह बताया. भगवान पैसा नहीं गिनता, तुम क्यों गिनता?” एकावन्न रुपये ठेवून त्या उठल्या. गुरुजींनी काही न बोलता मनगटाला लाल धागा बांधला. ह्या धाग्याला तिथे गमतीनं पुष्करचा पासपोर्ट म्हणतात, कारण तो दिसला की दुसरं कुणी मागे लागत नाही. तेव्हा दक्षिणा आधी ठरवा आणि मगच बसा. सगळेच तसे नाहीत हेही सांगते. पुढच्या घाटावर एका म्हाताऱ्या गुरुजींनी आमचं गाव आणि आडनाव विचारून जुन्या वह्या काढल्या. वंशावळीच्या त्या वह्यांत आमच्या घराण्याचं नाव काही सापडलं नाही. पण त्यांनी मामंजींचं आणि ह्यांचं नाव लिहून घेतलं. मग आपण होऊन विचारलं, “और बहूजी का नाम?” सासूबाईंनी माझं नाव सांगितलं. माहेरच्या नावासकट.

स्नानानंतर ब्रह्मदेवाच्या देवळात गेलो. संगमरवरी पायऱ्या, दारावर हंस, वर तांबडं शिखर. आतल्या फरशीत भाविकांनी दिलेली चांदीची नाणी बसवलेली आहेत आणि गाभाऱ्यासमोर चांदीचं कासव आहे. देव चतुर्मुख, शेजारी गायत्री. सध्याचं देऊळ शिंद्यांचे कारभारी गोकुळचंद पारीक यांनी १८०९ साली बांधलं. त्या काळी अजमेर शिंद्यांच्या ताब्यात होतं, १८१८ साली ते इंग्रजांकडे गेलं. इतक्या लांब शिंद्यांचं नाव ऐकलं की उगीचच आपलं माणूस भेटल्यासारखं वाटतं. ब्रह्मदेवाचं देऊळ जगात एवढं एकच, असं तिथे जो तो सांगतो. पण आपल्या गोव्यात सत्तरी तालुक्यात ब्रह्मकरमळीला ब्रह्मदेवाचं जुनं देऊळ आहे. थोडी आणखीही आहेत. पण इतकी मोठी यात्रा दुसरीकडे कुठे भरत नाही, हे मात्र खरं.

ब्रह्मदेवाची देवळं इतकी कमी का? त्याचं उत्तर गावाबाहेरच्या टेकडीवर आहे. ब्रह्मदेवाच्या देवळामागे थोडं चाललं की रत्नागिरी नावाची टेकडी लागते. तिच्या माथ्यावर सावित्रीचं देऊळ. पायऱ्या बऱ्याच आहेत, पण २०१६ सालापासून पाळण्याची सोय झाली आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे आम्ही पाळण्यानंच जायचं ठरवलं. जेवून थोडं पडलो आणि चारच्या सुमाराला निघालो.

पायथ्याशी बांगड्या, कुंकू, चुनऱ्या विकणाऱ्या बायका बसतात. सावित्री सौभाग्याची देवता, म्हणून तिला सौभाग्यलेणं वाहतात. त्यातल्या एका वयस्कर बाईनं बांगड्या दाखवता दाखवता आम्हांला कथा सांगितली.

ब्रह्मदेवानं इथे यज्ञ मांडला. यज्ञाला पत्नी शेजारी हवीच. सगळे देव जमले, मुहूर्त जवळ आला, पण सावित्रीचा पत्ता नाही. ती लक्ष्मी, पार्वती, इंद्राणी ह्या मैत्रिणींसाठी खोळंबली होती. एकटीनं कसं जायचं? इकडे मुहूर्त टळतो म्हणून ब्रह्मदेव रागावले. ‘मिळेल ती मुलगी आणा,’ म्हणाले. इंद्रानं गुराख्यांची एक पोर आणली. तीच गायत्री. तिच्याशी तिथल्या तिथे लग्न लावून ब्रह्मदेव यज्ञाला बसले. सावित्री आली आणि बघते तर आपल्या जागी दुसरीच! तिनं शाप दिला, पुष्कराशिवाय कुठे तुमची पूजा होणार नाही. आणि रागानं ती टेकडीवर जाऊन बसली ती कायमचीच.

“घर की औरत को निकलते देर तो लगती ही है, बाईसा,” कथा संपवून ती बाई हसली. “रुक जाते थोड़ा, तो क्या बिगड़ता?”

मी सासूबाईंकडे पाहिलं नाही. त्याही बांगड्या निरखत राहिल्या.

पाळण्यात दोघी समोरासमोर बसलो. खाली काटेरी झुडपं, वाळू आणि गाव लहान लहान होत चाललेलं. वर देऊळ छोटंसंच आहे. आमच्यापुढे काही बंगाली बायका होत्या. त्या देवीला शेंदूर वाहून एकमेकींना लावत होत्या. आपल्या वटपौर्णिमेची सावित्री ती सत्यवानाची, ही वेगळी. पण दोघींचं नातं आहे. अश्वपती राजानं ह्या देवी सावित्रीची उपासना केली, तिच्या कृपेनं मुलगी झाली, म्हणून मुलीचं नाव सावित्री ठेवलं, असं महाभारतात आहे. आपण वडाची पूजा करतो तेव्हा पोथीतही ‘ब्रह्मसावित्री’ असं नाव येतंच की. इतकी वर्षं मी ते नुसतं म्हणत होते. ती कोण ते इथे आल्यावर कळलं.

ओटी भरून झाल्यावर आम्ही कठड्याशी जाऊन बसलो. खाली तळं एखाद्या पाणी भरलेल्या परातीसारखं दिसत होतं. एका अंगाला वाळूत यात्रेसाठी आलेले उंट आणि त्यांच्या मालकांच्या चुलींचा धूर. जनावरांचा बाजार एकादशीच्या आधीपासूनच भरायला लागतो. २०१४ साली राजस्थाननं उंटाला राज्यप्राणी केलं, पण उंट मात्र कमीच होत चालले आहेत. ट्रॅक्टर आल्यावर त्याला काम उरलं नाही. समोर, गावाच्या पलीकडे दुसरी टेकडी. तिच्यावर पापमोचनीचं देऊळ. तिला गायत्रीचंच रूप मानतात. एका टेकडीवर एक, दुसरीवर दुसरी आणि मधे तळ्याकाठी यजमान.

बराच वेळ झाला आणि सासूबाई एकदम म्हणाल्या, “त्या दिवशी मुहूर्त होता अजून.”

मला आधी कळेचना.

“बारापर्यंत होता. गुरुजी म्हणाले होते, सूनबाई येईपर्यंत थांबू. मीच म्हटलं, लावा सुपारी. सगळे विचारत होते, सून कुठाय, सून कुठाय. मला ओशाळं वाटायला लागलं. म्हटलं, एकदाचं आटपू दे.” तळ्याकडे बघतच त्या बोलत होत्या. “तुझे सासरे असते तर थांबले असते.”

डोळे भरून आले माझे. दीड वर्ष मला वाटत होतं की मुहूर्तानं माझा अपमान केला. मुहूर्तावर रागावून काय करणार? पण आता कारण माणसाचं निघालं आणि नवल म्हणजे राग येण्याऐवजी हलकंच वाटलं. मीही मग मनातलं बोलले. “आई, चूक माझीही होती. उशीर होणार हे मला साडेनवालाच कळलं होतं. एक फोन करायला हवा होता. तुम्ही बोलाल म्हणून केला नाही.”

“बोलले असते,” सासूबाई म्हणाल्या. “पण थांबले असते.”

एवढंच. ‘चुकलं माझं’ असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मलाही त्यांनी तसं म्हणावं असं वाटलं नाही. आम्ही उठलो. पाळणा बंद व्हायच्या आत उतरायचं होतं. खाली आल्यावर सासूबाई पुन्हा त्या बांगडीवालीकडे गेल्या आणि हिरव्या बांगड्यांचा आणखी एक जोड घेतला.

“हा कुणाला, आई?”

“त्या दुसरीला. गायत्रीला. तिला तरी कुणी विचारलं होतं का? गुरं राखत होती बिचारी, उचलून आणून पाटावर बसवलं.” मग बांगड्या पिशवीत ठेवत म्हणाल्या, “शाप दिला हिनं, पण पुढे ते सौम्य केले तिनंच. पुराणात आहे तसं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पापमोचनीच्या टेकडीवर जाऊन आलो. तिथे पाळणा नाही. सासूबाई दर थोड्या पायऱ्यांनी बसत होत्या, आणि मी थांबत होते.

जाऊ इच्छिणाऱ्या मैत्रिणींसाठी चार गोष्टी लिहिते. यात्रा कार्तिक शुद्ध एकादशी ते पौर्णिमा असते. तेव्हा गर्दी फार आणि खोल्यांचे भावही चढे. आमच्यासारखं भाऊबीज झाल्याबरोबर गेलात तर जत्रेची चाहूलही मिळते आणि स्नानही निवांत होतं. उन्हाळ्यात जाऊ नका. पहाटेसाठी शाल, पायांसाठी जुने मोजे बरोबर ठेवा, अनवाणी पायऱ्या गार लागतात. गावात मांस, अंडी, दारू ह्यांना बंदी आहे, त्यामुळे सोवळ्याओवळ्याच्या माणसांना जेवणाची चिंता नाही. साजूक तुपातला मालपुवा खाल्ल्याशिवाय येऊ नका, मात्र एकात दोघींनी खावा इतका तो जड. आसपास गुलाबाची शेती आहे, म्हणून गुलकंद आणि गुलाबपाणी चांगलं मिळतं. गुलकंद घेताना पाकळी दिसते का ते बघा, नुसता पाक नको. आणि माकडांपासून पिशवी सांभाळा! आमचे दोन बेसनाचे लाडू त्यांनाच पावले.

परत येऊन आता बरेच महिने झाले. आमचं सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. भाजीत मीठ किती ह्यावरून अजून कुरबुर होतेच. पण ह्या चैत्रात गौरीचं हळदीकुंकू होतं. शाळेतून मला यायला साडेचार होतात. शेजारच्या वहिनींनी फोनवर वेळ विचारली तेव्हा मी डाळ वाटत होते. सासूबाई बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या, “चारला नको बाई, पाचला या. आमच्या सूनबाई शाळेतून आल्या म्हणजे सुरू करू.”